निळा फ्यूज

४ मार्च

बाबा आज पुन्हा हरवले!

पेट्रोल पंपावरून फोन. "तुमचे वडील टाकी फुल करून बसलेत आणि घर कुठल्या बाजूला ते आम्हालाच विचारतायत." पंप आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! चप्पल अडकवून धावले. बाबा बाकावर, हेल्मेट मांडीवर. मला बघून म्हणाले, "उशीर केलास." जसं काही आमचं ठरलंच होतं.

गाडीवर साधा ओरखडा नाही. तिला काय धाड भरलीय! आई गेल्यावर बाबांनी ही बया घरात आणली. वापरलेली स्पोर्ट्स टूरर, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल — पुढे वारा अडवायला उंच काच, मागे दोन बाजूंना सामानाच्या पेट्या. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. एकदा आपटला आणि त्याची हौस फिटली. बाबांनी राबराबून तिला ठणठणीत केलं. जन्मभर लोकांच्या मोटरसायकली दुरुस्त केल्या, ही पहिली स्वतःसाठी.

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाणार. "गाडी आजपासून बंद. नाहीतर स्वतः मरतील किंवा दुसऱ्या कोणाला मारतील." इतकं सरळ! बाबा शेजारीच बसले होते, नखातलं ग्रीस कोरत. ऐकलं की नाही, देव जाणे.

दादाचा फोन — "विकून टाक ना!" लांब बसून सांगायला काय जातंय त्याचं? विकायची म्हणजे बाबांच्या डोळ्यांदेखत कोणीतरी ती घेऊन जाणार. ते तू येऊन कर म्हटलं. मग त्याला मीटिंग आठवली.

८ मार्च

किल्ली लपवली. बाबांनी घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या काकांना चोर म्हणाले, तेही तोंडावर! मग पक्कड घेऊन बसले — गाडीचं कुलूपच काढायला. मुकाट्याने किल्ली "सापडली" म्हणून आणून दिली.

९ मार्च

केलं एकदाचं.

बाबा झोपले होते दुपारी. व्हिडिओ बघून सीट उघडली. खाली फ्यूजची डबी. पेट्रोल इंजिनापर्यंत चढवणाऱ्या पंपाचा फ्यूज निळा, नखाएवढा. तो काढला. जादाचे ठेवलेले तेही काढले. आता स्टार्टर फिरेल, पण इंजिन सुरू होणार नाही. एवढी धिप्पाड बया, आणि तिचा जीव माझ्या पर्समध्ये, सुट्या पैशांत.

चोरासारखी, आवाज न करता सीट परत लावली. तसंच तर होतं ते.

१० मार्च

चहा गाळता गाळता कान गॅरेजकडे. स्टार्टर फिरतोय, फिरतोय... इंजिन गप्प. "पेट्रोल वर येत नाहीये," बाबा म्हणाले. बरोब्बर ओळखलं!

पण फ्यूजची डबी त्यांनी उघडलीच नाही. प्लग काढले, पुसले. फिल्टर झटकला. संध्याकाळी मी लॅबमधल्या कामावरून आले तर गॅरेजभर सुटे भाग, पिशव्यांत घालून, टेप लावून. टेपचं टोक दुमडलेलं! बाबांची जुनी खोड. "पुढच्या माणसाने सोडताना नखं का मोडून घ्यायची?" माझ्या डब्यावरसुद्धा तसंच लावायचे, शाळेत असताना.

सुटले म्हणायचं. तरी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१३ मार्च

रोज तेच. उघडतात, पुसतात, लावतात. स्टार्टर. शांतता. "बघतो उद्या."

१७ मार्च

बाबांचा जुना चेला भेटायला आला. आता त्याचं स्वतःचं मोठं गॅरेज आहे. फाटकातच गाठून त्याला सगळं सांगितलं. हात जोडले — बोलू नकोस रे! तो आत गेला, बाबांच्या शेजारी फरशीवर बसला आणि मागतील तो पाना देत राहिला. बाबांनी एकदा त्याला नावाने हाक मारली, एकदा दादाच्या नावाने. त्याने दोन्हींना ओ दिली.

निघताना डोळे लाल. "ताई, उस्तादांचा पहिला धडा काय होता माहितीये? गाडी बंद, की आधी फ्यूज. विसरलं की डोक्यात टपली. आणि आता त्यांनाच..."

पुढचं नको होतं मला ऐकायला!

२० मार्च

बाबा जाकीट, हेल्मेट घालून स्टँडवरच्या गाडीवर बसलेले. "बस मागे." बसले. काय करणार? बाबांनी हँडल धरलं आणि हळूच डावीकडे कलले. मी ताठ.

"झुक की माझ्याबरोबर! वळण आहे. मागचा सरळ बसला तर दोघं पडतात."

झुकले. मग उजवीकडे. समोर गॅरेजची भिंत, तिच्यावर आईची जुनी छत्री टांगलेली. बाबा म्हणाले, "तुझी आई फार छान बसायची." खोटं! ही गाडी आईने पाहिलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "हो." आणि पुढच्या वळणाला त्यांच्याबरोबर झुकले.

२३ मार्च

आज बाबांनी स्टार्टर दाबलाच नाही. जेवलेही नाहीत.

२४ मार्च

"हात गेले माझे," म्हणाले. तळवे उलटेपालटे करून बघत होते. "एवढं साधं सापडत नाही."

डोकं विसरतंय हे त्यांना कधी कबूल नव्हतं. पण हात! हातांवर त्यांचा विश्वास होता, आणि तो मी काढून घेतला. मला गाडी बंद पाडायची होती, बाबांना बंद पाडायचं नव्हतं.

दादाला सांगितलं, फ्यूज परत लावते. "वेडी झालीस का? उद्या कोणाला उडवलं म्हणजे?" बरोबर आहे त्याचं. फोन ठेवून दिला.

उद्या रविवार. फाटकाला कुलूप लावेन आणि एकदाच इंजिन ऐकू देईन त्यांना. "सापडलं!" म्हणू देत. फेरी मारतो म्हणाले तर? ...मारू एक. मी मागे बसेन. झुकेन.

२५ मार्च

फ्यूज बसवायला गेले तर डबीतली त्याची खाचच सुटून हातात आली. खालच्या, पंपाच्या दोन्ही वायरी कापलेल्या. इतक्या आतून की जोडायला जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक टोकावर टेप, आणि टेपचा शेवट दुमडलेला.

बाबा मागे उभे होते.

"कधी?"

"तू फ्यूज काढलास ना, दुसऱ्याच दिवशी. तू लॅबला गेल्यावर आधी डबीच उघडली. डॉक्टर बोलला ते ऐकलं होतं मी."

"मग रोज उघडून काय बघत होतात, बाबा?"

"आधी सवयीने. मग काही दिवस खरंच सापडत नव्हतं. मीच कापलंय हे आठवत नव्हतं." माझ्या मुठीकडे बघितलं. "पण तुझा काय भरवसा! माझं तोंड उतरलेलं बघून एक दिवस परत लावशील, हे ठाऊक होतं मला."