बाबांचा मुक्काम

३० एप्रिल २०२५. आखाजी

जयमालाताई आल्या नाहीत. येणार नव्हत्याच! तरी बाबा सकाळपासून तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आखाजीला लेक माहेरी येते, हे माझ्या सासऱ्यांच्या डोक्यातून काढणार कोण? मला बोलायला तोंड कुठं आहे — नणंद येत नाही ती माझ्यामुळं.

म्हणजे माझ्यामुळं असं त्या म्हणतात. आईंच्या तेरवीला, भरल्या पंगतीत — 'वहिनीनं वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तं माही माय आज जित्ती असती.' दोन वर्षं झाली, शब्द न् शब्द पाठ आहे. त्या रात्री सासूबाईंचे पाय चोळत मी बसले होते. ताई बीबी गावाला आपल्या घरी झोपल्या होत्या! गोकुळ तेव्हापासून सख्ख्या बहिणीशी बोलत नाही. नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला याचं मला सुख झालं होतं. हे इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं म्हणू?

आईंची घागर बाबांनीच भरली. सून असताना सासऱ्यानं घागर भरायची म्हणून शेजारच्या गीताकाकूंनी भिंतीवरून नाक मुरडलंच. पण बाबा ऐकतात का! 'तिनं चाळीस वर्स मले पाणी पाजलं. एक दिस मी तिले पाजतो.' नळ दहा दहा दिवस येत नाही, तरी मेलेल्या माणसाची घागर काठोकाठ हवी. वर डांगराचं फळ ठेवलं, नैवेद्य दाखवला.

संध्याकाळी गोकुळचा फोन. 'कंपनी मले मस्कतवरून सूरले धाडून राह्यली. समुद्राकाठी लहानसं गाव हाय, शांत. खोली नाई, घर भेटते. तुहा अन् मयुरीचा व्हिसा होते आता.'

ओमानला जाऊन त्याला दहा वर्षं झाली! फोन घेऊन मोरीत गेले आणि रडले. आनंदानं की कशानं, ठरेना.

४ मे

व्हिसा आम्हा मायलेकींचाच. बाबांचा नाही, तेवढा पगार नाही म्हणे. 'पुढच्या साली पाहू.' पुढच्या साली, पुढच्या साली! लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

६ मे

बाबांना मीच सांगितलं. जेवण झाल्यावर.

ही बाबांचीच रीत. तीस वर्षं त्यांनी रोहिणखेडकडं टपाल वाटलं. वाईट तार असली की आधी विचारायचे, जेवले का? नाही म्हटलं तर तार पिशवीतच. एकदा लग्नघरी मरणाची तार आली, ती नवरी वाटेला लागेपर्यंत दोन दिवस खिशात ठेवली होती. नोकरी जाता जाता राहिली. अजून हसून सांगतात.

माझं ऐकून म्हणाले, 'मले जेवू घालून सांगून राह्यली होय! तूही पोस्टमन झाली.' मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. खाल्ली नाही, नुसती कातरली.

ताईंकडं राहाल का, विचारलं. 'लेकीच्या घरी बाप पाहुणा शोभते माय, मुक्कामी नाई.' झालं!

इथं एकटे कसे राहतील? वय एकाहत्तर. डाव्या डोळ्यानं दिसत नाही. गॅस बंद करायचं विसरतात. 'मी नाही जात' असं मनात तीनदा म्हटलं. तोंडानं एकदाही नाही.

१५ मे

आज बाबा आपणहून म्हणाले — 'जयमालेचा फोन आला होता. या म्हणते. मी जातो बीबीले.'

अन् लेकीच्या घरचा मुक्काम?

'जमाना बदलला.'

मी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? गळ्यातली धोंड उतरल्यासारखं झालं, खरं तेच लिहिते.

१९ मे

व्हिसाच्या फोटोला गेलो. आमचे झाले, तर बाबाही खुर्चीवर जाऊन बसले! 'माहाही काढ गड्या. पुढच्या साली कामी येईन.' फोटोवाल्याचा खुंटीवरचा कोट चढवला. बाह्या बोटांच्याही खाली. मयुरी हसून हसून लोळली. एक प्रत जास्तीची मागून घेतली — 'जयमालेले धाडतो.' घरी येईपर्यंत दोनदा पाकीट उघडून स्वतःचा फोटो पाहिला.

२ जून

बाबांशी भांडले.

म्हणाले, 'जायाच्या आंधी जयमालेले एक फोन लाव. तू लहानी हायेस.' लहान म्हणून माझ्या पदरात मरण घातलं का, मी विचारलं. फार जोरात बोलले. गीताकाकूंचा टीव्ही बंद झाला!

बाबा अगदी हळू — 'बरं. कोणी कोणाले लावू नका. मीच सांगत जाईन दोघीइले.'

रात्री भाकरी वाढताना माफी मागायची होती. त्याऐवजी चटणी पुन्हा वाढली.

११ जून

किती सामान! कुरडया, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ. मयुरीचा शाळा सोडल्याचा दाखला. पाटा-वरवंटा राहिला. पाट्याला हात लावून उगाच बसले होते.

बाबांनी एकेका पिशवीवर पत्ता लिहिला. टपालातलं वळणदार अक्षर, आणि खाली पिनकोड. ओमानच्या पत्त्याला मोताळ्याचा पिनकोड! मयुरी म्हणाली, आबा चुकले. 'चुकलो नाई वं. हरपली तं घरी तरी येईन.'

१४ जून

निघालो. लिहवत नाही.

१७ जून. सूर

आता लिहिते.

गाडी सहाला दारात आली. बाबांचीही पिशवी भरून ओट्यावर ठेवलेली. पांढरा सदरा, इस्त्रीचा. आमच्यासोबत चला, म्हटलं. 'तुमचं मलकापूर वरतं, माहं बीबी खालतं. उलटं काऊन येऊ? तुमची गाडी गेली का मी स्टँडवर जातो.' घराला कुलूप त्यांनीच लावलं. किल्ली गीताकाकूंच्या हातात दिली. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, आणि काढलाच नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा काढला.

वळणावर मयुरी मान बाहेर काढून म्हणाली, 'आई, आबा बसलेच आहेत ओट्यावर.' बसू दे, म्हटलं. बस नऊची आहे.

आणि इथं समुद्र. घराच्या गच्चीवरून दिसतो. मयुरीचा पहिला प्रश्न — 'एवढं पाणी अन् प्यायचं नाही?'

२८ जून

बाबांशी बोलणं झालं. त्यांच्याकडं साधा फोन, चेहरा दिसत नाही. पण आवाज खणखणीत! बीबीला सुखात आहेत. ताई रात्री दूध देतात, जावई पेपर आणून देतात. 'तुमच्या तिथी काय हाय?' सगळं सांगितलं — लाकडी जहाजं, रस्त्यात मोकाट फिरणाऱ्या बकऱ्या, दुपारी सगळं गाव बंद. 'हं. हं.' करत ऐकलं. मग, 'नळ रोज येते?' रोज येतो म्हटलं. 'मंग झालं!'

९ ऑगस्ट

शांत गाव, शांत गाव! इतकी शांतता की भांड्याला भांडं लागलं तर बरं वाटतं. गोकुळ सकाळी सहाला जातो. दहा वर्षं सहा जणांत झोपलेला माणूस, अजून भिंतीकडं तोंड करून अंग चोरून झोपतो. चांगला आहे. पण आम्ही दोघं एकमेकांना नवे आहोत आणि लग्न जुनं. मयुरी शाळेत रमली, तिचं बरं.

मला भांडायला बाबा हवेत. चहात साखर कमी आहे म्हणून रोज कोण म्हणेल?

१२ ऑक्टोबर

आज बाबांनी ताईंचा निरोप दिला. 'जयमाला म्हणे, मायच्या दुखात माह्या तोंडून निघून गेलं. वहिनीनं लय केलं मायचं. सांगजा म्हणे तिले.'

अडीच वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि मी वाळूवर उभी! बाबा विचारत होते, 'मंग? काय सांगू तिले?' मी काहीच सांगितलं नाही. ठेवते म्हटलं, ठेवला.

ठेवायच्या आधी पलीकडं दार करकरलं. हुबेहूब आपल्या मोताळ्याच्या स्वयंपाकघराचं. बाबा, कुठं आहात? — 'कुठी राहीन? जयमालेच्या दाराले तेल नाई.'

ताईंसारख्या टापटिपीच्या बाईच्या घरी!

१४ जानेवारी २०२६

संक्रांत. इथल्या मराठी बायका — सगळ्या मिळून चार — आमच्याकडं आल्या. तीळ बाबांनीच पिशवीत टाकले होते, पुडीवर 'संक्रांत' लिहून.

गीताकाकूंना फोन केला. घर झाडून घ्या म्हटलं, उंदीर होतील. काकू अडखळल्या. 'घराची काळजी नको करू वं. दिवा लागते रोज.' परक्या बाईची एवढी माया! मी त्यांच्या नाक मुरडण्यावर किती चिडायची. वाईट वाटलं.

२२ फेब्रुवारी

बाबांना खोकला. दोन वाक्यांत चारदा. ताई काढा देतात म्हणे. गोकुळ म्हणाला, बाबा, जावयाजवळ फोन द्या. 'तो शेतात गेला.' रात्रीचे नऊ वाजले होते तिकडं! गोकुळ म्हणाला, तुरीची राखण असेल. तुरी तर केव्हाच निघाल्या असतील, असं माझ्या मनात आलं. पण स्वयंपाक राहिला होता.

१५ मार्च

ताईंचा नंबर काढला. लावला नाही. त्यांनी निरोप दिला, आता माझी पाळी आहे हे कळतं. पण त्या स्वतः का नाही बोलल्या? बाबांच्या तोंडून का? आखाजीला लावीन. सणाला राग धरू नये.

२ एप्रिल

बाबांच्या व्हिसाचं जमतंय! गोकुळचा पगार वाढला. दोन महिन्यांत होईल म्हणतो. फोनवर सांगितलं तर बाबा आधी नुसते खोकले. मग — 'समुद्राची हवा मले मानवन का माय?'

मानवेल हो! मागच्या खोलीत खाट आणून टाकणार आहे. खिडकी समुद्राकडं.

१७ एप्रिल

बाबांचा फोन बंद लागतोय. चार्जिंगला लावायचं विसरले असतील. गॅससारखंच.

१८ एप्रिल

आजही बंद. गीताकाकूंना लावला तर त्या आठ दिवसांपासून जळगावला लेकीकडं. बोलताना चमत्कारिकच बोलत होत्या. 'तुमच्या बाबाशी बोलणं झालं ना? मले सांगितलं होतं त्यायनं, काही बोलू नको म्हणून…' रेंज गेली.

गोकुळला म्हटलं, बहिणीला लावा. म्हणाला, तू लाव. तुमची बहीण, मी म्हटलं. तुहं भांडण, तो म्हणाला. दोघं फोन मधे ठेवून बघत बसलो, कोणी उचलला नाही. शेवटी मीच म्हटलं, काही असतं तर ताईंनी कळवलं नसतं का? बाबा त्यांच्याजवळच तर आहेत.

१९ एप्रिल. आखाजी

आईंची घागर भरत होते, तर फोन वाजला. जयमालाताई! तीन वर्षांत पहिल्यांदा.

'वहिनी, तुह्या मनात आता काही नाई, हा तुहा निरोप बाबानं मले दिवाळीतच देल्ला. तवाच फोन कराले पायजे होता, लाज वाटे मले. पण आता राहवत नाई वं. तुमच्यासंग ओमानले गेल्यापासून बाबाचा फोन एक दिस चुकला नाई, अन् आता तीन दिस झाले लागत नाई. दे न फोन त्याइले. समुद्राच्या हवेनं आजारी तं नाई पडले?'