अंबडच्या पाण्यावरचा गुलाब

१२ फेब्रुवारी १९३६, सकाळ
अंगणातल्या गुलाबाला कळी धरली! परवा भर कचेरीत मुन्सफसाहेब मला, स्वतःच्या कारकुनाला, हसले होते, "पेशकार, अंबडच्या पाण्यावर गुलाब?" आता दाखवतोच. औरंगाबादहून बॉक्स कॅमेरा मागवलाय. फोटो थेट त्यांच्या टेबलावर आपटणार. दुर्गाबाई म्हणाली, "मंग फूलच न्या की खिशात घालून." फूल सुकतं, फोटो राहतो, हे बायकोला कोण सांगणार! रागाने जेवलो नाही. दुपारी जेवलो.

१५ फेब्रुवारी
कॅमेरा आला. नवी वस्तू, म्हणून दुर्गाबाईने हळदकुंकू लावलं. कुठे, तर पिशवीला! पिशवी फोटो काढते का? भडकलो. कॅमेरा बाहेर काढून समोरच्या गोल काचेवर ठसठशीत कुंकू मीच लावलं. या घरात प्रत्येक काम मलाच करावं लागतं.

१८ फेब्रुवारी
कळी अर्धी उमललीय. घाई करणार नाही. देवाला अंगणातलं एकही फूल तोडायचं नाही, असा हुकूम सोडला. जास्वंद, कण्हेर, सगळं फोटोत मागे दिसलं पाहिजे. देव समजून घेईल. शेजारची द्वारकाबाई परडी घेऊन आली, तिला दारातूनच हाकललं.

महाशिवरात्र
उमलला! टपोरा, लालभडक. दुर्गाबाई म्हणाली, "वर्षाचा सण हाय, येवढं एक महादेवाला वाहू द्या." हात लावलास तर बघ, म्हणालो. नुसता बेल घेऊन देवळात गेली.
सगळी फिल्म संपवली. उन्हात टाळू तापली. काचेवरचं कुंकू अजून जसंच्या तसं. शुभशकुन.

२४ फेब्रुवारी
द्वारकाबाईच्या शेळीने गुलाब खाल्ला. जास्वंदही. मुद्दाम सोडली होती! जाब विचारला, तर म्हणते, "शेळीला काय ठावं, फूल फोटोचं हाय का देवाचं?" बिलकुल लाज नाही. असो. फिल्म औरंगाबादला धुवायला गेलीय. साहेबांना सांगून टाकलं, आता पुरावाच हजर करतो.

२ मार्च, संध्याकाळ
लिफाफा साऱ्या कचेरीदेखत फोडला. सगळे फोटो काळेकुट्ट. साहेबांनी एकेक उचलून निरखून पाहिला. म्हणाले, "बराबर आहे, पेशकार. अंबडचं पाणी." शिपाईसुद्धा हसला.
घरी येऊन फोटोवाल्याला, कॅमेरेवाल्याला, शेळीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. दुर्गाबाईने कॅमेरा हातात घेतला. "अहो, ह्याच्या डोळ्यावर तर कुंकू हाय."
मग पूस की, ओरडलो.
तिने पदर पुढे केला आणि मागे घेतला. "कुंकू मी पुसत न्हाई. तुम्ही लावलंत, तुम्हीच पुसा."
पुसलं. काच लख्ख झाली. कॅमेऱ्यातून अंगणात पाहिलं. शेळी तेवढी दिसली.