घाटात उकळलेली मोटार

मलकापूर, चैत्र वद्य पंचमी, संध्याकाळ

राग अजून उतरत नाही. नवा रेडिएटर घेताना दादाला किती सांगितलं, आपली मोटार रोज उतारू घेऊन बुलढाण्याचा घाट चढते, तिला रुंद जाळीचाच हवा. पण त्यासाठी मोटारीचं तोंड कापावं लागलं असतं. म्हणून त्याने अरुंद घेतला. दिसायला देखणा.

आज सकाळी घाटात इंजिन उकळलं. आत अडलेली बाई होती, दवाखान्यात निघालेली. तिच्या तांब्यातलं प्यायचं पाणी मी रेडिएटरात ओतलं. तिच्या डोळ्यांसमोर. तरी मोटार हलेना. शेवटी नवऱ्याने मागून येणारी बैलगाडी थांबवली आणि तिला तशीच कण्हत नेलं. तिचं पाणी कसं ओतवलं मला?

दुपारी निरोप आला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. दादा हसला.

"पाह्य, झालं का काही? तू काऊन भडकून राह्यला?"

"रुंद रेडिएटर बसल्याबिगर मोटार घाटात जात नाही, दादा."

मोटार सुरू करायचं हँडल मी खोलीत आणून ठेवलं. थोरल्या भावाला आजवर कधी उलट बोललो नव्हतो. आता तो दारात उभा राहून हँडल मागतो आहे. मी मान वर न करता लिहितो आहे.