एका खिळ्याची परवानगी

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात.)

तुम्हाला जाऊन चार महिने झाले, आणि पत्र आज लिहितेय, कारण मार्गारेटचा फोन आला होता. आठवतेय ना मार्गारेट? घराच्या योजनेच्या ऑफिसातली. मी अजून इथेच राहते ना, घर परस्पर भाड्याने तर दिलं नाही ना, ही तिची दरवर्षीची चौकशी. ती आटोपल्यावर म्हणाली, "तुझ्या डॅडनी तो फोटो लावला का शेवटी?"

मी "नॉट येट" म्हटलं. तुम्ही गेलात हे सांगायला जीभच वळली नाही.

कमाल आहे तुमची! स्वतः निघून गेलात आणि इथल्या सरकारदरबारी तुमचा खिळा अजून प्रलंबित आहे.

घटस्फोटानंतर इथे कॅनडात, व्हिटबीत घर घ्यायचं तर डाउन पेमेंटला पैसे पुरेनात. मग ही योजना सापडली. कमी पडलेले पैसे सरकार भरणार, बदल्यात घरात दहावा हिस्सा त्यांचा. घर विकेन तेव्हा, त्या दिवसाच्या भावाने, तो परत करायचा. भाव वाढला की भागीदाराचा हिस्साही फुगतो. भर जानेवारीत घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला तेव्हा मात्र भागीदार फिरकला नाही. गळकं छत माझं, वाढलेलं गवत माझं, बेसमेंटमध्ये शिरलेलं पाणीही माझंच.

पण चिडायला मला सरकार कशाला हवं होतं? तुम्ही होतात की.

सगळं समजावून सांगितल्यावर तुम्ही एकच विचारलंत, "म्हणजे क्वार्टरच ना?"

नागपुरात बांधकाम खात्यात आयुष्य काढलंत, तेही सरकारी क्वार्टरांत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, क्वार्टर सोडताना भोकांचे पैसे कापतात, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. पण हा नियम तुमच्याबरोबर विमानात बसून इथवर येईल, हे कुणाला ठाऊक? आईचा फोटो तुम्ही मायक्रोवेव्हवर टेकवून ठेवलात आणि तो तिथेच राहिला. दूध गरम करायचं तरी एका हाताने आईला धरून ठेवायचं.

"आजोबा, इट्स जस्ट अ नेल," मृण्मयी म्हणाली. तुम्ही नातीलाही नियम समजावलात. मी हातोडी आणली, ती तुम्ही लपवलीत. शेवटी मार्गारेटलाच फोन लावून दिला. ती म्हणाली, घर तुमच्या मुलीचं आहे, सर, हवं ते लावा. तुम्ही विचारलंत, हे लेखी मिळेल का? ती बिचारी हसत सुटली आणि तुम्ही टपालाची वाट बघत बसलात!

ड्राइव्हवे फावड्याने साफ करताना कडेला बर्फाची एक पट्टी सोडायचात, "ही सरकारची" म्हणून. त्याला मीही हसले. हसू येत नसे ते फोनवरच्या बोलण्याचं. नागपूरचं कुणीही असो, "सध्या शैलाच्या क्वार्टरवर असतो." मी स्वयंपाकघरातून ओरडायची, घर म्हणा, अण्णा. तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायचात, "म्हणू गं. त्यांचा हिस्सा फिटू दे."

कधी फिटणार होता तो? घराचा भाव चढतोय तसा तोही चढतोय. आणि मला तुमच्याकडून दुसरं काय हवं होतं? एकटीने हे उभं केलं, त्याला एकदा तुमच्या तोंडून घर म्हटलेलं ऐकायचं होतं. जायची एवढी घाई, की त्या एका शब्दालाही सवड नव्हती?

आता तुमचाही फोटो फ्रेम होऊन आलाय. मायक्रोवेव्हवर दोघं मावत नाहीत.

तर ऐका. उद्या शनिवार. हॉलमध्ये दोन खिळे ठोकणार आहे, दारातून आल्या आल्या दिसाल असे. लेखी काही मागणार नाही. घर विकलंच कधी, तर त्या भोकांतला दहावा हिस्सा सरकारने खुशाल घेऊन जावा. मार्गारेटला सोमवारी खरं काय ते सांगेन. आणि नागपूरहून कुणी विचारलंच, तर सांगेन, आई-अण्णा दोघंही शैलाच्या घरी असतात.

तुमची,
नऊ-दशांश मालकीण,
शैला