डावी पडलेली पाकळी

आई, तुझी नात आत आहे आणि दार बंद होऊन बराच वेळ झाला. बारामतीच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून, तिच्या तपासण्यांच्या रिकाम्या पाकिटावर तुला लिहिते आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तुझ्यासारखीच आहे, ऐकायचं नाही ठरवलं की घर डोक्यावर घेते. तिच्या डोक्यात गाठ निघाली आहे. ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी सगळं शांतपणे सांगितलं आणि मी नुसती मान डोलावत राहिले. मला खूप भीती वाटते आहे, आई, आणि हे सांगावं असं माणूस उरलेलं नाही. तुझ्या जावयाला सांगावं तर तो माझ्याहून घाबरलाय. चहा आणतो म्हणून गेला तो अजून परतलेला नाही.

सकाळपासून तो एकच दिवस डोळ्यांपुढे येतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं, मी पाचवीत, आपली वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडे. धाकटा भाऊ नुकता कुठे चालायला लागला होता आणि पोट धरून असा किंचाळायचा की शेजारचे धावत यायचे. आतड्यात आतडं अडकलंय, आजच्या आज बारामतीला नेऊन ऑपरेशन करा, असं अंथुर्ण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आपल्या घरात कुणाचं पोट फाडलेलं नव्हतं. फाडलेलं पोर घरी येत नाही, हे आजीचं ठाम मत. ती आबांना म्हणाली, "आदी भैरोबाला कौल लावा. त्यो व्हय म्हनला तर न्या." आबांनी त्यांच्या आईचा शब्द कधी मोडला नव्हता.

देवळात सगळे उभे आहेत. तू धाकट्याला छातीशी धरलंयस, तो आता रडतही नाही, नुसता कण्हतोय. गुरव कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. उजवी पडली तर न्यायचं, डावी पडली तर नाही. आबा हात जोडून विचारतात, "देवा, पोराला बारामतीला न्हेऊ का?" आणि डावी पडते. आजी मटकन खाली बसली. आबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मला वाटलं, संपलं. कारण त्या देवावर तुझा केवढा जीव! सकाळची पहिली कळशी त्याच्या पायांवर, मग आमचा चहा. आजी देवाला भिऊन असायची, तू मात्र घरच्या माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी भांडायचीस. तू पुढं झालीस, पडलेली पाकळी उचललीस, कपाळाला लावलीस आणि माझ्या हातात दिलीस. "धर. हरवू नगं." मग त्याच्याकडे बघून म्हणालीस, "तुजं ऐकलं. पर मी इचारायला आले न्हवते, सांगायला आले. पोर तुज्या पदरात टाकलंय. आता तू बी आमच्यासंगं चल."

"अगं, देवानं न्हाय म्हनलंय!" आजी ओरडली.

"पाकळी पडलीया, आत्ती. देव हाय तितंच हाय." आणि तू चालू लागलीस. आबा चपला हातात घेऊनच तुझ्यामागे पळाले.

जीप उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकत अडकत चालली होती. तुझे दात वाजत होते. मी विचारलं, "आई, थंडी वाजतीया?"

"न्हाय गं. भ्या वाटतंय."

"मग देव?"

"देव हाय की, म्हनून तर निघाले. हात कापत्यात, कापू देत. पोर त्याच्याकडं हाय."

धाकटा वाचला. आता त्याचंच पोट सुटलंय आणि टाक्यांची खूण दाखवून पोरांना आपला पराक्रम सांगत असतो. आजीनं पुढे गावभर सांगितलं की गुरवानं पाकळी नीट भिजवली नव्हती. आपल्याला ती गोष्ट हसत सांगायची सवयच लागली, कारण शेवट गोड झाला होता. पण तो वाचला नसता तर? दुसऱ्या दिवशी तू कळशी ओतली असतीस का? तू होतीस तोवर हे विचारायचं कधी सुचलं नाही आणि आज मला दुसरं काही सुचत नाही.

परवा मी गावाला जाऊन आले, घरी काही न सांगता. कौल लावला. उजवी पडली. आनंद व्हायला हवा होता ना? दारापर्यंत आले आणि परत फिरले, पुन्हा लावा म्हटलं. पुन्हा उजवी. अजून एकदा म्हटलं तेव्हा गुरव वैतागला, "ताई, दिला की देवानं. आजून किती इचारनार?" त्या पाकळ्या पर्समध्ये आहेत. तुला डावी मिळाली आणि तू उठून चालू लागलीस. मला मागेन तितक्या उजव्या मिळाल्या आणि माझ्या अंगात उभं राहायचं बळ नाही.

मघाशी दार उघडलं. पण नर्स दुसऱ्याच कुणाला हाक मारून आत गेली. मग मी डोळे मिटले आणि तुझेच शब्द पुटपुटले, पोर तुझ्या पदरात टाकलीय. बाकी काही विचारलं नाही, मागितलं नाही. श्वास जरा खाली उतरला, एवढंच. हात कापतायत ते कापतायतच.

तुझा जावई आता चहा घेऊन येताना दिसतोय, कप सांडत सांडत. हे पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवते, पाकळ्यांशेजारी. एक सांगून ठेवते. टाकलीय असं म्हणाले खरी, पण पोर माझ्याच्यानं अजून सुटलेली नाही. आणि आत्ता लिहिता लिहिता आठवलं, त्या दिवशी जीपमध्ये आबांनी हात पुढे केले होते, "दे जरा माज्याकडं" म्हणाले होते, आणि तू बारामती येईपर्यंत धाकट्याला त्यांच्याकडेसुद्धा दिलं नव्हतंस.