तिसरा बाण

ला शोमेत, १४ ऑक्टोबर

प्रिय रेजिस,

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. जूनपासून चारदा कागद पुढे ओढला. एकदा चष्मा सापडेना, एकदा पेन उमटेना, आणि दोनदा सगळं हाताशी असूनही लिहिलं नाही. तेराव्या वर्षी शाळा सोडून मी गुरांमागे गेलो. त्याआधीचे माझे निबंधही तूच लिहून द्यायचास. तेव्हा चुका पोटात घाल.

खुबा कसा आहे? आत खिळा घातलाय म्हणे. थंडीत लोखंड ठणकतं असं सिमोन म्हणते, पण पाववालीला हाडांतलं काय कळतंय. इकडे पाऊस लागून राहिलाय. छपरावरची एक दगडी फरशी सरकली आहे, ती टपालवालीच्या डोक्यात पडेल असा मला घोर लागलाय. कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. बटाटे मात्र बरे आले.

सिमोनच्या दुकानातच मॅगाली भेटली. भेटली म्हणजे, रांगेत ती पुढे होती आणि मी मागे. तुझी सायकल विकायला काढल्याचं ती सिमोनला सांगत होती, आणि महिना संपला की तुला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय म्हणाली. 'बाबांना नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्यात. रस्त्यावर बाण नव्हता, आणि ते म्हणतात तीन होते.' पोरीचे डोळे सुजलेले होते. मी माझा पाव घेतला आणि घरी आलो.

तू म्हणशील, याला आता माझा पुळका कशाला आला. पुळका नाही. आधीचं सगळं सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही, म्हणून सांगतो.

एकोणऐंशी साली आपण ब्रेस्टच्या समुद्रावरून निघून मांतोंच्या समुद्राला पोचायचं म्हणून सायकलवर निघालो. ठरलेल्या गावांतून पेटीत कार्ड टाकायचं, कॅफेत वहीवर शिक्का घ्यायचा, बाकी सगळं माणसाच्या शब्दावर. चौथ्या दिवशी माझा गुडघा गेला. पुढे अठरा किलोमीटरचा घाट. दुधाचा ट्रक थांबला, आणि सायकल कॅनांवर टाकून मी चढून बसलो. तू भिजत वर आलास. शिक्का दोघांच्या वहीवर सारखाच उमटला. मी तुला म्हणालो, हे आपल्यातच राहू दे. तू म्हणालास, 'काय राहू दे? मी तर काही पाहिलं नाही.' मित्र असावा तर असा, असं मला वाटलं. मांतोंला पाण्यात पाय सोडून आपण दोघांनी एक खरबूज खाल्लं होतं, तेही मी विसरलो नाही.

मग नोव्हेंबरचं क्लबचं जेवण. पदक माझ्या छातीवर लागून पाच मिनिटं झाली नसतील, आणि तू ग्लास घेऊन उठलास. 'घाटात आम्हा सगळ्यांना घाम सुटतो,' तू म्हणालास, 'आमच्या आंतेल्मला साय येते.' आणि मग ट्रकची अख्खी गोष्ट सांगितलीस, माझ्या लंगडण्याच्या नकलेसकट. लोक टेबलं बडवून हसले. माझी बायको ओदेतही हसली, ते मला जास्त लागलं. पदक मी तिथेच काढून बशीत ठेवलं. त्या दिवसापासून मी दूधवाला. ओदेतला पुरलं तेव्हा फाटकाशी कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, 'दूधवाल्याची बायको ना ही?'

तुझ्या दृष्टीने ती एका जेवणापुरती गंमत होती. मला ती पुरी हयात पुरली.

म्हणून बाण काढायचं काम मी क्लबकडून मागून घेतलं. कमरेत वाकायचं काम, कुणालाच नको होतं. एकतीस वर्षं मी जूनच्या पहिल्या रविवारच्या फेरीसाठी पिवळा चुना कालवून रस्त्यावर बाण काढतोय. खालच्या मैदानात गहू, मग कुंपणांच्या आतली गुरं, मग पाइनचं रान, मग वरचा उघडा माळ. एकशे वीस किलोमीटरमध्ये माझ्या हाताखालून न गेलेलं एक वळण नाही. पद्धत तुला ठाऊक आहे: फाट्याच्या आधी एक, फाट्यावर एक, आणि वळल्यावर पन्नास पावलांनी तिसरा. तिसऱ्याला आम्ही धीराचा बाण म्हणतो. बरोबर आलास, जा पुढे, एवढंच तो सांगतो.

क्रूसाच्या फाट्यावर मी दर वर्षी डावा बाण काढला. उजवा काढला असता तर दोनशे माणसं तुझ्या कॅफेसमोर शिक्क्यासाठी थांबली असती. त्या रविवारी तू शिक्का आणि शाईची गादी बाहेरच्या टेबलावर मांडून बसायचास. मी व्हॅन मुद्दाम तिकडून न्यायचो आणि पाहायचो. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. वर्षातून तेवढं एकच जेवण मला गोड लागायचं. मग तू कॅफे बंद केलास, आणि जूनचीही चव गेली.

या वर्षी यादीत तुझं नाव आलं. दोनशे सहा नंबर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याच निळ्या सायकलवर. सकाळी टेबलाशी मी तुला नंबर दिला तेव्हा तू म्हणालास, 'मला मागे टाकून जाऊ नकोस हं, दूधवाल्या.' लोक हसले. तूही हसलास.

तुझ्यापाशी पोचायला उशीर झाला तो व्हॅन सुरू व्हायला वेळ लागला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं आहे. व्हॅन पहिल्या किल्लीला सुरू झाली होती.

तू सगळ्यांच्या शेवटी होतास आणि तुझ्यामागे फक्त माझी व्हॅन, रेंगाळलेल्यांना उचलणारी. माळावर तू बाटली भरायला थांबलास, तेव्हा मी तुला ओलांडून पुढे गेलो. तू हातसुद्धा केलास. लाकूडगिरणीच्या फाट्याशी मी खऱ्या बाणांवर पाइनच्या काड्या पसरल्या आणि खडीच्या जुन्या रस्त्याकडे नवे काढले. तुला तो रस्ता लहानपणापासून माहीत. पण सायकलवरचा माणूस डोक्यापेक्षा बाणावर भरवसा ठेवतो, ही सवय मीच तर लावलीय. दोन बाणांवर तू गेला असतास, पण पन्नास पावलांवर तिसरा दिसला नसता तर परत फिरला असतास. तू पहिल्यापासून सावध. म्हणून मी तिसराही काढला.

एवढंच ठरवलं होतं: गिरणीपाशी रस्ता संपतो, तिथे तू दमून थांबशील. मी येईन. तू गाडीत बसशील. आणि क्लबच्या दारात, सगळ्यांसमोर, मी तुझ्यासाठी दार उघडीन. कुणी हसलं नसतं तर मी हसायला सुरुवात केली असती.

व्हॅन झाडांमागे लावून मी तुला वळताना पाहिलं, आणि तू चांगला दमावास म्हणून चाळीस मिनिटं फाट्यावर थांबलो. पाव आणि फूर्म चीजचा तुकडा खाल्ला. चीज उत्तम होतं. ते लिहायला मला लाज वाटतेय, पण होतं.

ओढ्याच्या वळणावर तू खडीत पडलेला दिसलास. टोपी एकीकडे, पाय भलतीकडे. तू विचारलंस, 'आंतेल्म, तिन्ही बाण होते ना रे?'

मी म्हणालो, 'कुठले बाण? इकडे बाण नसतो.'

तू माझ्याकडे पाहिलंस. रुग्णवाहिका येईपर्यंत माझं मनगट धरून होतास. मला ते नको होतं, पण सोडवून घेता आलं नाही. शेवटी तू गाडीतून उतरलास तो स्ट्रेचरवर, आणि पाहायला क्लबमधलं कुणी नव्हतं.

तुला नेल्यावर मी ओढ्याचं पाणी बादलीने आणून चुना धुतला. काड्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष चार जणांना घेऊन पाहून आले. बाण डावीकडे, जसा असायला हवा तसा.

रेजिस, मी माफी मागत नाही. चाळीसच्या वर वर्षं तू मागितली नाहीस, मी का मागू? मला तुला एकदा गाडीत बसलेलं पाहायचं होतं, बस. तुझं डोकं फिरलंय असं गावाने ठरवावं, हे माझ्या हिशेबात नव्हतं. वेड्यावर सूड उगवून काय मिळतं? तू शहाणा असशील तरच माझा सूड तो सूड. बाण तीन होते. तिन्ही मी काढले. तुझे डोळे शाबूत आहेत आणि डोकंही.

हे पत्र मॅगालीला दाखव. सायकल विकण्याआधी दाखव. अध्यक्षांनाही दाखव, अक्षर माझंच आहे हे ते ओळखतील, एवढं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. नोव्हेंबरच्या जेवणात उभा राहून वाचून दाखवलंस तरी चालेल. तुला सांगायला आवडतंच. फक्त चीजचा भाग वाचलास तर माझी नक्कल करू नकोस. आणि वाचणार असशील तर आधी कळव, मी कोट धुऊन ठेवीन. मी येणार. मागच्या टेबलावर बसणार नाही.

महिना संपायला सतरा दिवस उरलेत. पत्र तुझ्या हाती पडलं की मधेच कुणी फोडलं, याची मला काळजी आहे. लिहायला नको वाटलं तर कोऱ्या कार्डावर नुसता एक बाण काढून पाठव, मी समजेन. पण लवकर पाठव. टपालवाली साडेदहाला येते आणि मी साडेनऊपासून दारात उभा असतो, त्या सरकलेल्या फरशीखाली.

तुझा,
आंतेल्म, दूधवाला