ऐकू न येणारी शिलाई

ती. वन्सं यांस,

भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच. उरलेला भेटीत करीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्याची चौकशी आधी करते, कारण मागच्या खेपेला उजव्याची केली तर तुम्ही म्हणालात, दुखतो तो सोडून भलत्याचीच विचारपूस. माझं बरं चाललंय. दात गेले, जीभ शाबूत आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि कागदाला मधेच तोडता येत नाही. सहज म्हणून लिहायला बसले. काम असं काही नाही.

तर गंमत ऐका. ह्या वयात मी पडद्यावर येऊ घातलेय. आपल्या शिवणवर्गातली बटणवाली आठवते का? पुढची बटणं पाठीवर लावायची आणि वर म्हणायची, मास्तर, ही नवीन फॅशन. ती आता कुठल्याशा लांबच्या देशात असते, तिथं स्वतःचं कपड्यांचं दुकान काढलंय. (बटणं कुठल्या बाजूला लावते देव जाणे.) तिनं फोनवर जुन्या सगळ्या मुली गोळा केल्या. मुली म्हणजे आता सगळ्या आज्या झाल्यात, पण माझ्यासाठी मुलीच. आणि मला निरोप धाडला की बाई, मास्तरांचा तो ऐकायचा धडा एकदा घ्या, आम्ही आपापल्या घरून पडद्यावर बघू, आमच्या लेकीसुनाही बसतील.

ऐकायचा धडा काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते. लिहायला बरं वाटतं. हे वर्गाकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. मागं सगळी मशिनं एकदम चालू. आणि पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “खिडकीतली, सुई बोथट झालीय तुझी.” “दारातली, बॉबिन सैल भरलंयस, उचकटून परत भर.” मुली म्हणायच्या, मास्तरांना पाठीला डोळे आहेत. डोळे कसले, कान होते. बोथट सुई कापडात शिरताना टक् करते, सैल बॉबिन आत खुळखुळतं, दोरा जास्त ताणला असेल तर मशीन कण्हतं. “नीट चाललेल्या मशीनकडे कान जात नाही,” असं ते सांगायचे. “कान गेला की पाय थांबवा.” मी काहीही करत असले तरी आतल्या खोलीतून मला कळायचं की आज वर्ग कसा चाललाय. दुपारी त्या आवाजावर मला डुलकी लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. आता दुपारभर जागीच असते.

आता मुद्द्याचं. तुमचे भाचे, म्हणजे आमचे साहेब (पोटचं पोर आहे, पण घरातही कचेरीसारखं बोलतं), वर्गाची ती पुढची खोली एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं द्यायला निघालेत. म्हणाला, “आई, खोली नुसती पडून आहे.” मी म्हटलं, “मीही पडूनच आहे, मलाही देऊन टाक.” हसला नाही. शेवटी असं ठरलं की हा धडा होऊ दे. बायका शेवटपर्यंत बसल्या आणि पुढंही शिकायचं म्हणाल्या, तर खोलीत परत वर्ग. मधेच उठून गेल्या, तर दुरुस्तीवाला. तो गृहस्थ दोनदा येऊन भिंतीवर टेप लावून गेलाय. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला मापाची टेप कशी धरतात ते शिकवलं. बिचारा वहिनी वहिनी करत गेला.

सूनबाईनं मात्र मनावर घेतलं. ती कचेरीत दिवसभर पडद्यावर पानं सरकवते, त्या पानांना स्लाइड म्हणतात. तिनं एकेका स्लाइडवर शिलाईचा मोठा फोटो लावला आणि म्हणाली, आई, आता प्रत्येक पानावर तुमचा आवाज भरायचा. भरला की हो मी! तासभर (साहेबांच्या मते दोन) बोलले. मग लावून ऐकलं तर काय, मी म्हणतेय, “आणि बायांनो, सुईखाली बोट,” की पान बदललं, आणि पुढं, “सावकाश पाय मारा.” मधलं “अजिबात ठेवायचं नाही” गायब! असं प्रत्येक पानाला. कात्री लहान मुलांच्या हाती द्या म्हणते, मशीनमध्ये पाणी घाला म्हणते. पान सरकत असतं तेवढ्या वेळापुरते त्या यंत्राचे कान बंद असतात म्हणे. म्हणून आधी बोलणं संपवायचं, दम घ्यायचा, मग बटण दाबायचं. सूनबाई समजावत होती, “आई, पान उलटताना गप्प राहायचं.” वन्सं, लग्न झाल्यापासून मला हेच सगळे सांगतायत, पण कारण पहिल्यांदा कळलं.

मग व्हिडिओ. माझ्या हातांचा व्हिडिओ सूनबाईनं फोनवर काढला. हात छान आलेत हो, कुणी म्हातारीचे म्हणणार नाही. (अंगठा सोडून.) तो स्लाइडवर बसवला, तिच्या कॉम्प्युटरवर फिरला, आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर उघडला तर नुसती काळी चौकट. व्हिडिओ स्लाइडमध्ये नव्हताच, त्याचा नुसता पत्ता होता आणि मालक तिच्याच कॉम्प्युटरात! पाहुणा आलाच नाही आणि पाट मांडून ठेवलेला. मग तिनं तो आत नीट चिकटवला, तर फाइल इतकी जड झाली की पाठवेना. मग बारीक केली. व्हिडिओही बारीक करता येतो वन्सं, फक्त माणसांचंच जमत नाही.

पण खरी फजिती पुढंच आहे. तालीम म्हणून मी पुढच्या खोलीत सूनबाईचं विजेवरचं छोटं मशीन घेऊन बसले, समोर कॅमेरा, माइक. साहेब श्रोते म्हणून आतल्या खोलीत. मी बोलतेय, शिवतेय, घाम फुटलाय. आतून आवाज, “आई, मशीन कधी सुरू करणार?”

“अरे सुरूच आहे की मघापासून!”

“इकडे काही ऐकू येत नाही. तुझं बोलणं तेवढं येतंय.”

सूनबाईनं कपाळाला हात लावला. पडद्यावर सगळ्यांनी भेटायच्या त्या प्रोग्रॅममध्ये म्हणे गोंगाट गाळायची सोय असते. पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, मिक्सर, जे सारखं घरघरतं ते सगळं कचरा समजून टाकून देतात आणि माणसाचा आवाज ठेवतात. म्हणजे बघा, माझा सगळा संसार ज्या आवाजावर झाला, पोरगं ज्या आवाजावर झोपलं, तो ह्यांच्या हिशोबी कचरा. आणि माझी बडबड मात्र जशीच्या तशी. तुमचे बंधुराज असते तर म्हणाले असते, यंत्र उलटं बसवलंय.

उपाय आहे. मशीनचा आवाज माइकसमोर करायचाच नाही. आधी वेगळा भरून स्लाइडमध्ये बसवायचा आणि दाखवताना कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाजही पाठवायची एक छोटी चौकट असते, तिच्यावर खूण करायची. ती विसरलं की समोरचे मुक्यानं बघत बसतात. मी सूनबाईच्या हातावर पेनानं फुली काढून ठेवलीय. तर आवाज भरायला बसलो. तिनं दारं लावली, पंखा बंद केला आणि म्हणाली, आधी थोडा वेळ नुसती खोली भरून घेऊ, काही बोलू नका. मी गप्प बसले. वन्सं, त्या खोलीत मी कधी गप्प बसले नव्हते. तिथं कुणीतरी कात्री चालवतंय, कुणी उसवतंय, कुणाची रीळ घरंगळत माझ्या पायाशी येतेय, असंच मला वाटत आलंय. ती खोली इतकी मोठी आहे हे मला त्या दिवशी समजलं.

आणि एवढं करून ते विजेचं मशीन एकच सूर काढतं. बोथट सुई घातली, घुंई. बॉबिन सैल केलं, घुंई. त्याला काही दुखतच नाही. मग मी पाटावर चमचे वाजवून आवाज काढला (सूनबाई हसून खाली बसली) आणि बटणवालीला नमुना पाठवला. तिचं लगेच उत्तर, “बाई, हे मास्तरांचं मशीन नव्हे. कुणीतरी दार ठोठावतंय, उघडा आधी.”

असो. वर्गाची बाकीची मशिनं विकली गेली आणि ह्यांचं पायमशीन तुम्ही नेलंत, ते बरंच केलंत. तेव्हा तुम्ही विचारलंत आणि मी लगेच न्या म्हटलं, कारण नुसत्या वाऱ्यानं त्याचं पॅडल हललं तरी माझी मान तिकडं वळायची. तुमच्याकडं त्याच्यावर टीव्ही ठेवलाय असं कानावर आलं. चांगलं आहे, भावाची आठवण आहे आणि टीव्हीही उंचावर राहतो. मला त्याचं काही नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. काळजी घ्या.

तुमची,
बडबडी भावजय

ता. क. – टीव्ही जरा वेळ खाली उतरवता येईल का? मशीनचा आवाज तेवढा भरून पाठवा. पंखा बंद ठेवा. फोन मशीनवर नको, शेजारी दुमडलेल्या चादरीवर ठेवा. एक नीट शिलाई आणि काही चुकीच्या पाहिजेत. चुकीच्यांसाठी तुम्हाला मुद्दाम काही करायला नको, तुम्ही नुसतं शिवा.

ता. क. – वरचं राहू द्या. सूनबाई म्हणते, नुसत्या आवाजात मजा नाही, व्हिडिओत पॅडलवर पायही दिसले पाहिजेत. म्हणून पुढच्या रविवारी साहेब टेम्पो घेऊन येतोय. मशीन परत द्या असं मी म्हणत नाहीये, ते तुमचंच. पण ते एकटं कशाला पाठवता? तुम्ही तिकडं घरात एकट्या, मी इकडं तिघांत एकटी. पुढच्या खोलीत दोन खाटा सहज बसतात, मी माप घेतलंय.

ता. क. – नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. निमंत्रणाची स्लाइड सगळ्यांना गेलीसुद्धा. तिच्यावर मोठ्या अक्षरांत आहे, “मशीनवर: मास्तरांच्या थोरल्या भगिनी”. बटणवालीनं उलट लिहिलं, “आत्याबाईंना शिवता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं.” मी कळवलंय, आम्हालाही नव्हतं, म्हणून तर सगळ्यांनी शेवटपर्यंत बसा.